सांगणारा बाजूला काढल्यावर

ज्ञानेश्वरांच्या 'अमृतानुभवा'त, तिसऱ्या प्रकरणात, एक विधान आहे आणि आपण ते वाचून फार लवकर पुढे जातो. ज्ञानसुद्धा माणसाला बांधते, असा मुद्दा तिथे चालू आहे. त्यासाठी ते शिवसूत्रातले शंकराचे वचन आधाराला घेतात. सत्त्वगुण ज्ञानाच्या संगाने जीवाला बांधतो असे गीतेत श्रीकृष्णही म्हणाला, याची आठवण देतात. एवढ्या थोर दोघांची साक्ष मिळाल्यावर दुसरा कोणी भाष्यकार तिथे थांबला असता. ज्ञानेश्वर थांबत नाहीत. शंकर किंवा श्रीकृष्ण असे म्हणाले एवढ्यासाठी आम्ही हे मानतो असे नाही, ते बोलले नसते तरी हे असेच असते, असे ते लगेच सांगतात.

हे लिहिणारा माणूस श्रद्धेचा शत्रू नव्हता. नेवाशाला प्रवरेकाठी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्याने गीतेवरची मराठी टीका पूर्ण केली, त्यानेच कृष्णाच्या शब्दाविषयी असे लिहिले. निवृत्तिनाथांवरची त्याची भक्ती तर ओवी-ओवीतून दिसते. साक्ष काढावी, साक्षीदाराला नमस्कार करावा, आणि मग विधान साक्षीदाराच्या टेकूवाचून उभे राहते का ते पाहावे, अशी ही रीत आहे. आदर आणि परीक्षा यांचे वैर आहे ही समजूत आपल्याकडे आता फार पसरली आहे. ती नेवाशाहून आलेली नाही.

त्याच्या सुमारे सतराशे वर्षे आधी, इ. स. पूर्व ३९९ मध्ये, अथेन्सच्या एका न्यायाधिकाऱ्याच्या कचेरीबाहेर सॉक्रेटीसने हाच प्रश्न दुसऱ्या अंगाने विचारला. प्लेटोच्या 'युथिफ्रो' या संवादातली हकिगत अगदी शेतावरची आहे. एका मजुराने दारूच्या नशेत घरातल्या गुलामाचा गळा कापला. मालकाने मजुराचे हातपाय बांधून त्याला खड्ड्यात टाकले आणि याचे काय करायचे हे धर्माधिकाऱ्याला विचारायला माणूस पाठवला. उत्तर येईपर्यंत मजूर भुकेने आणि थंडीने मेला. मालकाचा मुलगा युथिफ्रो आता बापावरच खटला भरायला आला आहे, आणि आपण करतो ते पवित्र आहे याबद्दल त्याला तिळमात्र शंका नाही, कारण देवांना काय आवडते ते त्याला माहीत आहे. सॉक्रेटीस विचारतो, देवांना आवडते म्हणून ते पवित्र, की पवित्र आहे म्हणून देवांना आवडते? युथिफ्रो बराच वेळ झगडतो आणि शेवटी काम आहे म्हणून निघून जातो.

देवाच्या जागी राजा ठेवा, कायदा ठेवा, बहुमत ठेवा, तज्ज्ञ समिती ठेवा, प्रश्नाची धार तशीच राहते. जी. ई. मूर यांनी १९०३ मध्ये नीतिशास्त्रात जो युक्तिवाद केला तो याच वंशातला आहे. 'चांगले म्हणजे सुख देणारे' अशी कोणतीही व्याख्या करा, 'हे सुख देते खरे, पण ते चांगले आहे का?' असे विचारण्याला अर्थ उरतोच. विसाव्या शतकाने ज्ञानाचे आणि नीतीचे पुष्कळ सिद्धान्त दिले. त्यांपैकी कोणताही सिद्धान्त आपल्या गावच्या वहिवाटीत आणून ठेवला की त्याला हा जुना प्रश्न विचारावा लागतो, आणि तो विचारला नाही तर माणसे बांधली जातात, असे माझे म्हणणे आहे. हे मी पारनेर तालुक्याच्या आधाराने मांडणार आहे, कारण या एका तालुक्यात प्रश्नाच्या दोन्ही बाजू लख्ख दिसतात.

ज्ञानापासून सुरुवात करू. पारनेर पर्जन्यछायेत येतो. खाली काळा कातळ. पाणी असलेच तर त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत. एका बांधावर बोअरला पाणी लागते आणि थोड्या अंतरावर नुसती धूळ उडते. म्हणून बोअरची गाडी बोलावण्याआधी शेतकरी पाणाड्याला बोलावतो. तळहातावर नारळ ठेवून किंवा दुबेळक्याची काटकी धरून तो रानात फिरतो, नारळ उभा राहिला की पायाने खूण करतो. समजा तिथे पाणी लागले. तिथे पाणी आहे हे पाणाड्याला ठाऊक होते का?

त्याचे म्हणणे खरे निघाले, त्याचा त्यावर विश्वासही होता. तरी आपण अडखळतो. ज्ञान म्हणजे सत्य असलेला, आधार असलेला विश्वास, ही व्याख्या पश्चिमेत प्लेटोपर्यंत मागे नेली जाते. १९६३ मध्ये एडमंड गेटियर यांनी जेमतेम तीन पानांच्या लेखात दाखवले, की आधार असला आणि गोष्ट खरीही निघाली, तरी ते योगायोगाने घडलेले असू शकते. त्यावर पुढे ग्रंथांचे ढीग झाले. आपल्याकडे बाराव्या शतकात श्रीहर्षाने 'खण्डनखण्डखाद्य'मध्ये याच जातीचे उदाहरण दिले होते. एकाने मूठ मिटली, दुसरा म्हणाला आत पाच कवड्या आहेत, आणि पाचच निघाल्या. त्याच्याही आधी धर्मोत्तर या बौद्ध पंडिताने मांसासाठी पेटवलेल्या विस्तवाचे उदाहरण रचले. धूर अजून निघालेला नाही, पण वासाने किड्यांचे थवे जमले आहेत, आणि लांबचा माणूस त्यांनाच धूर समजून म्हणतो, तिथे अग्नी आहे. अग्नी असतो. त्याचे अनुमान मात्र धुरावर उभे नसते.

यावर आधुनिक उत्तरांपैकी एक आल्विन गोल्डमन यांचे आहे. १९७९ च्या निबंधात त्यांनी सांगितले, की विश्वास ज्या प्रक्रियेतून आला ती बहुतेक वेळा खरे देणारी असेल तर विश्वास साधार मानावा. माणसाला कारण सांगता आले नाही तरी चालेल. पाणाड्याचे दहापैकी नऊ बोअर लागत असतील तर नारळाची थट्टा करण्याचे कारण नाही, असा याचा अर्थ. तत्त्वतः मला हे मान्य आहे. अडचण अशी, की 'बहुतेक वेळा' हे कोणीतरी मोजावे लागते. लागलेल्या बोअरचे नाव पंचक्रोशीत होते. कोरड्या बोअरवर दगड ठेवला जातो, आणि तो शेतकरी पाणाड्याला दोष न देता स्वतःच्या नशिबाला देतो. ज्या शेतकऱ्याने कर्ज काढून चार-पाच भोके पाडली, त्याच्या घरात या प्रश्नाला तत्त्वज्ञानाचा प्रश्न म्हणत नाहीत, पण तो तोच प्रश्न आहे.

भूजलशास्त्रज्ञही चुकतो. तो चुकल्यावर काय होते ते मात्र पाहावे. झिजलेला थर इतक्या खोलीपर्यंत असेल, इथून एक आडवी भिंतीसारखी कातळाची रेघ गेली आहे, जवळच्या निरीक्षण विहिरीची पातळी उन्हाळ्यात इतकी उतरते, असे त्याने आधी सांगितलेले असते. चूक झाली तर ती यांपैकी कुठे झाली ते शोधता येते, आणि ते शोधायला तोच माणूस लागत नाही. त्याला बाजूला काढले तरी नकाशा आणि आकडे उरतात. पाणाड्याला बाजूला काढले की हातात फक्त नारळ उरतो. जुन्या जाणत्या पाणाड्यांवर मी इथे अन्याय करू इच्छित नाही. त्यांच्यापैकी अनेक जण झाडे, उतार, मातीचा रंग, वारुळे बघत असत. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'तला दकार्गल अध्याय अशाच खुणांनी भरलेला आहे. तोही जुन्या ऋषींचा हवाला देतो, पण खुणा अशा सांगतो की कोणीही रानात जाऊन त्या खऱ्या-खोट्या करून पाहाव्यात. त्यातल्या किती टिकतील हा वेगळा प्रश्न. त्या तपासता येतात म्हणून त्या ज्ञानाच्या दारात उभ्या आहेत.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. प्रत्येकाने प्रत्येक गोष्ट तपासायची तर पेरणी कधी करायची? आपली जन्मतारीखसुद्धा आपल्याला दुसऱ्याने सांगितलेली आहे. बियाणे, औषध, हवामान, बातमी, सगळे सांगण्यावर चालते. सांगणाऱ्याला बाजूला काढा असे म्हणणे म्हणजे जगण्याचा पायाच काढणे नव्हे का?

याचे उत्तर न्यायसूत्रांच्या परंपरेत मला सर्वांत समाधानकारक मिळते. न्याय शब्दाला प्रमाण मानतो, पण सरसकट कोणाच्याही शब्दाला नाही. आप्ताचा उपदेश हे प्रमाण. आप्त कोण? सूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायन सांगतो, की ज्याला ती वस्तू साक्षात ठाऊक आहे, आणि जशी ठाऊक आहे तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. मग तो एक वाक्य घालतो, आणि त्या एका वाक्यासाठी मला या भाष्यकाराविषयी फार आदर वाटतो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांना सारखेच लागू आहे. जन्म, पद, वेश यांपैकी काहीच अटीत नाही. एखाद्या वाटेवर ओढा कुठे उतरता येतो हे तिथला म्लेच्छ जाणत असेल तर त्या बाबतीत तोच आप्त.

म्हणजे सांगणाऱ्याला बाजूला काढणे याचा अर्थ त्याला खोटे पाडणे असा होत नाही. त्याच्या थोरवीचे वजन काढून घ्यायचे आणि दोनच गोष्टी विचारायच्या: याने पाहिले आहे का, आणि पाहिले तसे सांगण्यात याला अडसर आहे का? मोबाईलवर येणाऱ्या निरोपाला हे विचारून पाहा. पाठवणाऱ्याने पाहिलेले नसते, त्याला ज्याने पाठवले त्यानेही नसते, आणि साखळीच्या टोकाला पाहिलेला माणूस सापडतच नाही. आता प्रश्नांना उत्तरे देणारी यंत्रेही आली आहेत. त्यांनी शेत पाहिलेले नाही, आणि इच्छा तर त्यांना आहे असे म्हणता येत नाही. वात्स्यायनाच्या दोन्ही अटी तिथे लागूच होत नाहीत. उत्तर बरोबर असू शकेल. पडताळ्याची जबाबदारी मात्र पूर्णपणे आपल्यावर येते.

मिरांडा फ्रिकर यांनी २००७ मध्ये ज्ञानाच्या व्यवहारातल्या अन्यायावर पुस्तक लिहिले. एखाद्या व्यक्तीचा शब्द केवळ ती स्त्री आहे, काळी आहे, गरीब आहे म्हणून कमी विश्वासाचा धरला जातो, तेव्हा तिच्यावर जाणता माणूस म्हणून अन्याय होतो, हा त्यांचा मुद्दा. वात्स्यायनाच्या त्या वाक्याची ही नैतिक बाजू आहे. ज्ञानाचा प्रश्न इथे नीतीचा प्रश्न होतो, आणि तो कसा होतो हे पारनेरच्या एका माणसाच्या आयुष्यात पाहता येते.

पांडुरंग महादेव बापट १८८० मध्ये पारनेरला जन्मले. १९०४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते अभियांत्रिकी शिकायला ब्रिटनला गेले, तिथून पॅरिसला जाऊन बॉम्बची विद्या शिकून १९०८ मध्ये परतले. पुढे पारनेरला हाती झाडू घेऊन त्यांनी गावचे रस्ते झाडले. 'सेनापती' ही पदवी त्यांना मुळशीच्या लढ्याने दिली. टाटांच्या वीज कंपनीला नीला आणि मुळा यांच्या संगमावर धरण बांधायचे होते. वीज मुंबईला जाणार, गिरण्या चालणार. जमीन मावळातल्या शेतकऱ्यांची जाणार. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. 'जान किंवा जमीन' ही त्याची घोषणा.

दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद कमकुवत नव्हता. गिरण्यांना दगडी कोळसा लांबून आणावा लागे, वीज स्वस्त आणि स्वच्छ होती, लाखांचे भले होणार आणि काही हजारांना मोबदला मिळणार. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात यासाठी 'सार्वजनिक प्रयोजन' असा शब्दप्रयोग होताच. जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख, हे बेंथमच्या परंपरेचे नीतिसूत्र यापेक्षा स्वच्छपणे क्वचितच लागू झाले असेल. मग चुकले कुठे? माझ्या मते बेरीज करण्यात चूक नव्हती. बेरजेत जे आकडे घातले ते कोणाच्या शब्दावर घातले, इथे चूक होती. आंबेमोहोर पिकवणारे खाचर पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टाने घडवावे लागते. त्याची किंमत किती, हे ज्याने ते घडवले त्याला विचारायला हवे होते. त्या विषयातला आप्त तो होता. त्याचा शब्द मात्र अडाण्याचा हट्ट म्हणून धरला गेला आणि कागदाचा शब्द प्रमाण मानला गेला. कागद पुष्कळदा पुण्याच्या सावकाराकडे गहाण होता. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा जो अभ्यास केला, त्यात ही गोष्ट स्पष्ट दिसते, की मोबदल्यावर तडजोड करण्यात सावकारांचा फायदा होता आणि जमीन कसणाऱ्याचा नव्हता. म्हणजे ज्याला सार्वजनिक हित म्हटले, त्याच्या हिशोबात बोलण्याचा अधिकारच आधी वाटला गेला होता. मोजणाऱ्याला बाजूला काढले असते तर ती बेरीज उभी राहिली असती का?

पण प्रश्न एकाच बाजूला विचारून थांबता येत नाही. डिसेंबर १९२४ मध्ये सत्याग्रह मोडल्यात जमा असताना बापटांनी साथीदारांसह बांधकामाच्या रेल्वेवर दगड रचून गाडी अडवली, हत्यारेही बरोबर होती. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. इथे सेनापतींचे थोरपण बाजूला काढले तर काय उरते? संमतीशिवाय जमीन घेणे अन्याय आहे, हे कारण उरते. ते कोणीही म्हटले तरी खरे आहे. उघडपणे करायचे आणि शिक्षा भोगायची, याचेही मोल उरते, कारण त्यामुळे कृती लपवलेला घाव न राहता सर्वांना उद्देशून केलेले म्हणणे होते. गाडीवरच्या कामगारांच्या जिवाला धोका घालण्याचे कारण मात्र मला उरताना दिसत नाही. तेही रोजावरचे लोक होते आणि त्यांनाही कोणी विचारलेले नव्हते. बापटांचे आयुष्य इतके निर्मळ आहे की हे लिहिताना हात जड होतो. पण निर्मळ आयुष्य हे कृतीच्या बाजूचे कारण नसते. शंकराचा शब्दही ज्ञानेश्वरांना कारण म्हणून पुरला नव्हता.

आता पारनेर तालुक्यातलेच राळेगणसिद्धी. अण्णा हजारे सैन्यातून निवृत्त होऊन १९७५ मध्ये गावी परतले. दुष्काळाने आणि दारूने खंगलेले गाव होते. यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला, ओढ्यांवर बांध पडले, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान ही पंचसूत्री आली. विहिरींना पाणी चढले. दारूबंदीचा निर्णय मंदिरात जमलेल्या गावाने घेतला. देवासमोर घेतलेला म्हणून त्याला शपथेचे वजन आले आणि अनेक हातभट्ट्या आपणहून बंद झाल्या. जे तरीही पिऊन येत त्यांना मंदिराजवळच्या खांबाला बांधून फटके देण्यात आले. अण्णांनी ही गोष्ट लपवली नाही. आई आजारी लेकराला कडू औषध पाजतेच, अशा अर्थाचे समर्थन त्यांनी केले आहे.

शहरात बसून या खांबाचा निषेध करणे फार सोपे आहे, आणि ज्यांनी तो सोपेपणाने केला त्यांच्यात मला जायचे नाही. ज्या घरातला बाप रोज पिऊन येतो त्या घरातल्या बाईला त्या खांबाने पहिल्यांदा कोणीतरी आपल्या बाजूचे आहे असे वाटायला लावले असेल. दारू काय करते याविषयी गावात ती आप्त होती: तिने पाहिले होते, अंगावर सोसले होते. तिचा शब्द पिढ्यान्‌पिढ्या कोणी प्रमाण धरला नव्हता. दारूबंदीचा निर्णय तिच्या साक्षीला मान देणारा होता, आणि म्हणून मी तो योग्य मानतो. आज कायद्यानेही गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिले तर परवान्याचे दुकान बंद होऊ शकते. त्या तरतुदीचे तत्त्व तेच आहे.

पण दारूबंदी आणि खांब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकत्र गुंफल्या गेल्या त्या एका माणसाच्या नैतिक वजनामुळे. म्हणून कसोटी लावून पाहा. अण्णांना बाजूला काढा. दारूबंदीची कारणे जागच्या जागी राहतात: संसार मोडतात, बायका मार खातात, मजुरी गुत्त्यावर जाते. खांबाचे काय राहते? बांधणारा निःस्वार्थी आहे, गाव त्याला मानते, त्याच्या मनात माया आहे, एवढेच. तोच खांब, तीच गर्दी, तीच एकमुखी मान्यता दुसऱ्या गावात घ्या, जिथे प्रमुख माणूस अण्णा नाही, आणि बांधलेल्याचा गुन्हा जातीबाहेर लग्न करणे हा आहे. गावाची संमती तिथेही असते, पंचांना आपण लेकरांचे आईबापच वाटत असतो. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला आणि तो २०१७ मध्ये लागू झाला, तो अशाच एकमुखी गावांमुळे. जे समर्थन एका हातात चांगले आणि दुसऱ्या हातात भयंकर होते, ते कृतीचे समर्थन नव्हेच. ते हाताचे कौतुक आहे.

आईचा दृष्टान्तही तपासावा लागतो. लेकरू मोठे झाल्यावर आईला विचारू शकते, ते औषध का दिलेस, आणि आईला उत्तर द्यावे लागते. शिवाय लेकरू वयाने लहान असते. खांबाला बांधलेला माणूस मतदार असतो, ग्रामसभेत हात वर करण्याचा त्याला तुमच्याइतकाच अधिकार असतो. त्याला लेकरू म्हटले, की पहिल्यांदा त्याचे कारण सांगण्याचे आणि कारण विचारण्याचे सामर्थ्य काढून घेतले जाते. फटका नंतर येतो. युर्गेन हाबरमास यांची कसोटी अशी, की ज्यांच्यावर नियमाचा परिणाम होणार त्या सर्वांना मोकळ्या चर्चेत तो मान्य होऊ शकला पाहिजे. मंदिरातल्या सभेत पिणाऱ्यांनी मान डोलावली असेलही. पण देवापुढे, सगळ्या गावादेखत, अण्णांसमोर 'नाही' म्हणता आले असते का? जिथे 'नाही' म्हणता येत नाही तिथल्या 'हो'ला प्रमाण म्हणता येत नाही.

या सगळ्या प्रश्नांनी बांध घातले जात नाहीत, अशी तक्रार कार्यकर्ते करतात. सॉक्रेटीसने अथेन्समध्ये एकही विहीर खोदली नाही, हे खरे आहे. पण न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार वेगळे केले आहेत ते इथे उपयोगी पडतात. सत्य कळावे म्हणून दोघांनी मिळून केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरची पाडणे ही वितंडा. राळेगणला वितंडा करणारा माणूस एक पाटीही उचलत नाही, आणि त्याच्यावर गाव चिडते ते रास्त आहे. वाद करणारा मात्र पाटी उचलतो आणि विचारतोही. दारूबंदी ठेवू, खांब काढू, आणि पिणाऱ्याला उपचार आणि कामाची शिस्त देऊ, असे तो म्हणू शकतो. हे म्हणायला अण्णांविषयीचा आदर कमी व्हावा लागत नाही.

आणि इथे राळेगणनेच दिलेले दुसरे साधन समोर येते. ज्या अण्णांनी त्या फटक्यांचे समर्थन केले, त्यांनीच माहितीच्या अधिकारासाठी वर्षानुवर्षे आंदोलन केले. ऑगस्ट २००३ मध्ये त्यांच्या आझाद मैदानावरच्या उपोषणाच्या सुमारास महाराष्ट्राच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा देशभर लागू झाला. या कायद्याची दोन कलमे मला आधुनिक भारतातल्या तत्त्वचिंतनाच्या कोणत्याही पुस्तकाइतकी मोलाची वाटतात. कलम ६(२) म्हणते, माहिती मागणाऱ्याला ती का हवी याचे कारण विचारता येणार नाही. कलम ४(१)(घ) म्हणते, सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना द्यावीत. विचारणाऱ्याला कारण विचारायचे नाही आणि ठरवणाऱ्याने कारण दिलेच पाहिजे. मुळशीत नेमके उलटे होते: सरकारला कारण सांगावे लागत नव्हते आणि शेतकऱ्याला मात्र तू का हटत नाहीस ते सांगावे लागत होते. सांगणाऱ्याला बाजूला काढून पाहा, ही ज्ञानेश्वरांची रीत इथे कायद्याच्या भाषेत आली आहे. साहेबांनी ठरवले म्हणून नव्हे. कशावरून ठरवले ते लिहा.

या कायद्याची आज जी अवस्था आहे तिच्याबद्दल मला राग आहे. पहिले कलम अर्जदारांनी वापरले, काहींनी त्यासाठी प्राणही गमावले. दुसरे कलम, कारणे देण्याचे, जवळजवळ कोणी वापरत नाही, आणि ग्रामपंचायतही सार्वजनिक प्राधिकरण आहे हे गावाला आठवत नाही. ग्रामसभेच्या इतिवृत्ताची वही उघडून पाहा. विषय, सूचक, अनुमोदक, आणि खाली 'ठराव सर्वानुमते मंजूर'. कारणाला ओळ नाही. कोणी विरोध केला आणि काय म्हणून केला, त्याला जागा नाही. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. तिथे काय बोलले गेले ते मोठ्या सभेच्या वहीत उतरतेच असे नाही. दारूच्या दुकानाविषयी, टँकरच्या फेऱ्यांविषयी, बोअर कुठे घ्यायचा याविषयी ज्यांनी पाहिले आहे त्यांचा शब्द अशा रीतीने वहीबाहेर राहतो, आणि वीस वर्षांनी ठराव वाचणाऱ्याला फक्त सांगणाऱ्यांची नावे दिसतात.

म्हणून प्रत्येक ठरावाखाली तीन ओळी वाढवाव्यात असे मला वाटते: हे का ठरवले, हे कोणाच्या प्रत्यक्ष माहितीवर ठरवले, आणि 'नाही' म्हणणाऱ्यांचे म्हणणे काय होते. बोअरच्या ठरावाखाली पाणाड्याचे नाव आले तरी हरकत नाही, पण मागच्या पाच बोअरांचे काय झाले तेही यावे. एखाद्याला दंड करण्याचा ठराव असेल तर त्याचे स्वतःचे म्हणणे त्याच्या सहीनिशी यावे, आणि ते लिहून घेण्याआधी त्याच्या अंगाला कोणी हात लावू नये. हे करायला शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. २६ जानेवारीला पारनेर तालुक्यातल्या कोणत्याही गावाच्या ग्रामसभेत, गणपूर्ती झाल्यावर, कोणीही मतदार उभा राहून हे मांडू शकतो, आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याने ते त्याच वहीत लिहून घ्यावे.